सह्याद्रीचा धाकटा भाऊ

परत आल्यापासून भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटले आहे, आता तुम्हालाही सांगते. मॉरिशस आणि आपला सह्याद्री सख्खे भाऊ आहेत! हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, रायगडाचं टकमक टोक, अजिंठा-वेरुळची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण, आणि मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर, हिंदी महासागरात असलेलं हे बेट, हे सगळं पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त जागेनं घडवलेलं आहे. सह्याद्रीचा शिलारस वर आला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. मॉरिशसचा आला सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी. मधल्या काळात भूखंड हलले, समुद्र रुंदावले, डायनासोर संपले आणि माणूस अजून यायचा होता. खालची जागा मात्र तीच राहिली, आणि ती आजही पेटलेली आहे.

मी वाईची. पांडवगडाच्या पायथ्याशी वाढलेली, मेणवलीच्या घाटावर उन्हात तापलेल्या पायऱ्यांवरून पळालेली. काळा कातळ दिसला की हात लावल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून मॉरिशसच्या त्या दिवसभराच्या सफरीत जे समोर येत गेलं त्यानं मी अक्षरशः बेभान झाले. अजूनही आहे.

सफर दक्षिण आणि नैर्ऋत्य भागाची होती. सकाळी लवकर निघायचं, मधल्या पठारावर चढायचं, दक्षिणेच्या किनाऱ्याला उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं पश्चिमेला जायचं आणि डोंगरातून वळसा घेऊन परतायचं. बेट उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५, त्यामुळे हे एका दिवसात होतं. आमचे गाईड साठीकडे झुकलेले, मराठी घरातले. घरात क्रिओल बोलतात, कामासाठी फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मराठी शाळेत शिकलेले. तिथल्या शाळांमध्ये मराठी विषय घेता येतो. गाडीच्या डॅशबोर्डवर छोटा गणपती, त्याच्यापुढे उदबत्तीचं घर. मी वाईची आहे म्हटल्यावर त्यांनी गाडी चालवता चालवता विचारलं, “ताई, तुमच्या गावचा दगड कसा असतो?”

“काळा,” मी म्हटलं.

“मग आज तुम्हाला तुमचाच दगड दाखवतो.”

पहिला थांबा क्युरपीप गावातलं त्रू ओ सेर्फ. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर, चक्क वस्तीच्या मधोमध, ज्वालामुखीचं तोंड! तीनशे मीटरांहून जास्त रुंद आणि सुमारे ऐंशी मीटर खोल. आत गर्द झाडी, तळाशी पाण्याचं डबकं, आणि काठावरून गोल फिरणारा रस्ता, त्यावर सकाळचे फिरायला आलेले लोक. जुलै महिना, म्हणजे तिथला हिवाळा. क्युरपीपचं धुकं आणि भुरभुर पाऊस अंगावर घेत मी काठावर उभी होते आणि डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. सह्याद्रीत आयुष्य घालवून मी असं तोंड कधी पाहिलं नव्हतं, कारण आपल्याकडे लाव्हा बहुतेक लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरांवर थर पसरत गेला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि वर खळगा, असं आपल्याकडे शोधून सापडत नाही. इथे ते समोर होतं, सुबक, पूर्ण.

धुकं क्षणभर हटलं आणि चारी बाजूंचे डोंगर दिसले. गाईडदादांनी हात फिरवून दाखवलं: उत्तरेला मोकाची रांग, तिच्यात टोकावर धोंडा तोललेला पीटर बोथ, पश्चिमेला त्रोआ मामेल आणि रांपार, तिकडे नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हरचे डोंगर. “हे सगळे वेगवेगळे डोंगर नाहीत,” ते म्हणाले. “पहिला मोठा ज्वालामुखी होता ना, त्याच्या कडेचे हे उरलेले तुकडे. मधलं सगळं खचलं. आपण उभे आहोत ते तोंड फार नंतरचं, लहान.” म्हणजे आख्खं बेटच एका प्रचंड ज्वालामुखीचं मोडकं कडं आहे, आणि मी त्याच्या मधोमध उभी राहून कडेकडे बघत होते! हे कळल्यावर प्रत्येक शिखर वेगळं दिसायला लागलं. जिकडे पाहावं तिकडे मी मनातल्या मनात तुटलेली कमान जोडत होते.

मग त्यांनी ते दाखवलं, ज्यामुळे हा लेख मी लिहिते आहे. डॅशबोर्डवरची जळती उदबत्ती काढली, खिशातला कागद तिच्या टोकावर धरला आणि हळूहळू सरकवला. कागदावर करपलेल्या ठिपक्यांची एक ओळ उमटली. उदबत्ती जागेवर होती, कागद हलला होता. “हा पहिला डाग तुमचा,” ते म्हणाले, “आणि हा शेवटून दुसरा आमचा.”

भूगर्भशास्त्र ह्याला उष्ण बिंदू म्हणतं. पृथ्वीच्या खोल आवरणातून तप्त द्रव्य वर येत राहतं, त्याच्या डोक्यावरून भूपट्ट सरकत जातात आणि जिथे जिथे ते कवच भेदतं तिथे ज्वालामुखी होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या बिंदूवर भारताचा पश्चिम भाग होता. तेव्हा जो शिलारस वाहिला त्याचं दख्खनचं पठार झालं. आज झिजून उरलेलंच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे! भारत उत्तरेला सरकला आणि मागे समुद्रात माग सोडत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ह्या प्रवाळबेटांच्या खाली तोच ज्वालामुखी कणा आहे. पुढे महासागराच्या तळाची मधली रांगच त्या बिंदूवरून गेली आणि माग तुटून पलीकडच्या पट्टावर पडला. तिथे मॉरिशस झालं. त्यानंतर जवळच रियुनियन बेट झालं. उष्ण बिंदू आज रियुनियनच्या खाली आहे, आणि तिथला पितों द ला फुर्नेझ जगातल्या सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे.

नकाशा काढून बघा. मुंबईपासून खाली बोट ओढत न्या. मी त्या रात्री हॉटेलात किती वेळा ओढलं असेल!

आणि एवढ्यावर संपत नाही. मॉरिशसच्या खडकात शास्त्रज्ञांना झिरकॉन ह्या खनिजाचे बारीक कण सापडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं आहे. नव्वद लाख वर्षांच्या बेटात तीनशे कोटी वर्षांचे कण! ते आले खालून. भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून फुटले तेव्हा मध्ये राहिलेला भूखंडाचा एक तुकडा ह्या बेटाखाली बुडालेला आहे आणि वर येणाऱ्या लाव्हानं त्याचे कण सोबत आणले, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या हरवलेल्या तुकड्याला मॉरिशिया म्हणतात. मला तर हे वाचून घरातल्यांना झोपेतून उठवावंसं वाटलं, आणि मी उठवलंच.

क्युरपीपहून गंगा तलावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस. काही फड उभे, काही नुकते तोडलेले. आणि फडांच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे ढीग. एक, दोन, मग दिसेल तिथे. काही ढीग नीट रचलेले, पायऱ्यापायऱ्यांचे, घराएवढे उंच. मी विचारलं, हे काय? गाईडदादांनी गाडी बाजूला घेतली.

ह्या बेटावर जमीन म्हणजे लाव्हाचे धोंडे आणि त्यांच्यामधली माती. ऊस लावायचा तर आधी धोंडे उपसायचे. ते हातांनी उपसले गेले. आधी गुलामांच्या हातांनी, आणि १८३५ साली गुलामगिरी संपल्यावर भारतातून करारावर आणलेल्या मजुरांच्या. डोक्यावर, खांद्यावर, पाटीत घालून एकेक धोंडा शेताच्या मधोमध नेऊन टाकायचा, कारण कडेपर्यंत नेण्यात दिवस मोडतो. त्याचे हे ढीग झाले. कुणी बांधकाम म्हणून बांधले नाहीत, कुणाचं नाव त्यांच्यावर नाही. आणि ह्या देशातलं माणसांनी केलेलं सर्वांत मोठं काम माझ्या मते हेच आहे. साखरेचे कारखाने नंतरचे. आधी हे.

मी एका ढिगाशी गेले, एक धोंडा उचलून पाहिला. जड, काळा-करडा, अंगभर बारीक भोकं. थंड होताना लाव्हातून निघून गेलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती भोकं. आपल्याकडच्या कातळातही असतात, पण कोट्यवधी वर्षांत त्यांत खनिजं भरली आहेत. घाटात रस्त्याच्या कडेला पांढरे, हिरवे स्फटिक चमकताना दिसतात ते तेच. ह्या धोंड्याची भोकं रिकामी होती. तरुण दगड! तो हातात धरून मी उभी होते आणि गाईडदादा अगदी सहज म्हणाले, “माझ्या पणजोबांनी हेच केलं. रत्नागिरीहून आले होते.”

रत्नागिरीचा माणूस. त्याच्या गावच्या डोंगराचाही दगड हाच. त्याच उष्ण बिंदूनं घडवलेला कातळ सोडून तो बोटीत बसला, महासागर ओलांडला, आणि त्याच बिंदूनं घडवलेले धोंडे उचलत आयुष्यभर राबला. त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण मला ते आता ठाऊक आहे आणि तेव्हापासून तो ढीग माझ्या डोक्यातून जात नाही.

ह्या मजुरांचा पहिला थांबा, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, आम्ही आदल्या दिवशी पाहिला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर ह्या बेटावर उतरले आणि इंग्रजांनी ज्याला महाप्रयोग म्हटलं तो सुरू झाला. मळ्यांवर गुलामांच्या जागी करारावरचे मजूर आणून काम चालतं का, हे पाहायचा प्रयोग. घाटाची जागा १८४९पासूनची. पुढच्या दशकांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय मॉरिशसला आले. बहुसंख्य बिहार आणि आसपासच्या मुलखातले, कलकत्त्याहून चढलेले. पुष्कळ मद्रासेहून. आणि मुंबईहून आलेले आपले, मुख्यतः रत्नागिरीकडचे, शिवाय सावंतवाडी, साताऱ्याकडचे. २००६ साली हा घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला. बंदराला लागून असलेल्या त्या सोळा पायऱ्या, त्याही काळ्याच दगडाच्या, आदल्या दिवशी मी चढले होते. तेव्हा त्यांचा इतिहास मनात होता. आता दगडही आला.

गाईडदादांनी मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जाऊन पणजोबांची नोंद काढून आणली आहे. करारबद्ध मजुरांची जुनी दप्तरं तिथे जपून ठेवलेली आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज. ते हे सांगत होते तेव्हा त्यांना क्रमांक तोंडपाठ होता.

गंगा तलावाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे जायला हवं, वाचून भागत नाही. तोही ज्वालामुखीच्या तोंडात साठलेला तलाव, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर. काठावर ३३ मीटर उंच मंगल महादेव उभा आहे, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या शिवमूर्तीवरून घडवलेला, आणि समोर तेवढीच उंच दुर्गा. १९७२मध्ये गोमुखाहून आणलेलं गंगेचं पाणी ह्यात मिसळलं. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक खांद्यावर कावड घेऊन पायी इथे येतात, रस्ते रात्रंदिवस भरून वाहतात आणि वाटेवर जातीधर्म न बघता लोक सरबत आणि खाणं घेऊन उभे असतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. काठावर माकडं, पाण्यात मासे, एका आजींनी शिवपिंडीवर पाणी घालून मला खूण केली, घाल तूही. मी घातलं. ज्वालामुखीच्या तोंडातलं पाणी, ह्याच काळ्या दगडाची, बेसॉल्टची पिंडी! महाराष्ट्रात आपण वेगळं काय करतो?

तिथून चहाच्या मळ्यांतून खाली दक्षिण किनाऱ्यावरच्या सुयाकला उतरलो, आणि रॉचेस्टर धबधबा. फार उंच नाही. कित्येक प्रवासी तो वगळतात. वगळू नका, हात जोडून सांगते! पाणी जिथून पडतं तो कातळ उभ्या, चौकोनी स्तंभांचा आहे, कुणी छिन्नीनं तासून एकाशेजारी एक उभे केल्यागत. जाड लाव्हा सावकाश निवला की आकसतो आणि त्याला अशा नियमित उभ्या भेगा पडतात. असे स्तंभ मी आधी कुठे पाहिले होते? अंधेरीला! गिल्बर्ट हिल, लोकलमधून उतरून चालत जाण्याजोगा, इमारतींनी वेढलेला साठ मीटर उंच काळा सुळका, दख्खनच्या त्याच शिलारसाचा. अंधेरीचे लोकहो, तुमच्या खिडकीबाहेर काय उभं आहे ते एकदा वर मान करून पाहा.

मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत आहे, सुमारे दीडशे किलोमीटर. तिच्या आतलं पाणी शांत, हिरवं-निळं, फोटोत असतं ते. पण सुयाकजवळ ग्री-ग्रीला ही भिंत तुटते. इथे महासागर सरळ येऊन काळ्या कड्यावर आदळतो आणि पुढे दक्षिणेला थेट अंटार्क्टिकापर्यंत अडवायला जमीनच नाही. तो आवाज छातीत जाणवतो. कड्याच्या एका घळीतून पाणी सतत पाझरत राहतं, लोक त्याला रडणारा खडक म्हणतात. मी तिथे उभी राहून मुरुडच्या समुद्राला मनात हाक मारली. वाऱ्यात बोलायचं म्हटलं तरी ऐकू येत नव्हतं.

जेवण सुयाकच्या बसथांब्याजवळच्या गाडीवर. दालपुरी! पिवळ्या वाटाण्याची डाळ वाटून आत भरलेली पातळ, मऊ पोळी. ती जोडीनंच मिळते, मध्ये पावट्याच्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची रुगाय आणि लोणचं, कागदात गुंडाळून उभ्याउभ्या खायची. सोबत गातो पिमां, म्हणजे डाळीचे मिरची घातलेले वडे. बिहारची पुरी, फ्रेंचांचा टोमॅटो, आफ्रिकेच्या हातांचं तिखट, सगळं एका कागदात. मी तीनदा घेतली आणि चौथीचा विचार केला.

मग किनाऱ्याचा रस्ता. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सुरूची झाडं, आणि माकोंदेच्या वळणावर कड्याला चिकटून वर चढणारी गाडी. ते वळण संपलं आणि समोर ल मोर्न.

ल मोर्न ब्राबां. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला, चहूबाजूंनी ताशीव कडे असलेला ५५६ मीटर उंच बेसॉल्टचा डोंगर. किल्ले हिंडणाऱ्या माणसाला तो पाहताक्षणी कळतो. एकच अरुंद वाट, वर सपाटी, खाली दरी. लपायला, टिकायला, पहारा ठेवायला ह्याहून चांगली जागा नाही. आणि तसाच तो वापरला गेला. मळ्यांवरून पळालेले गुलाम, मोझांबिक आणि मादागास्करहून पकडून आणलेले, काही भारतातूनही आणलेले, अठराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या सुरुवातीपर्यंत ह्या कड्यांच्या कपारींत आणि वरच्या माथ्यावर राहिले. पकडले गेले तर काय होतं ते त्यांना माहीत होतं. तरी ते चढले. २००८ साली ल मोर्न जागतिक वारसा झाला, आणि तो वारसा ह्या माणसांमुळे आहे, नुसत्या डोंगराच्या रूपामुळे नाही.

पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी. १ फेब्रुवारी १८३५, गुलामगिरी संपली. ती बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली. वरच्या लोकांना शिपाई दिसले, निरोप दिसला नाही. आपल्याला धरायला आले असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. पायथ्याच्या गुलामवाटेच्या स्मारकाजवळ गाईडदादांनी हे सांगितलं आणि थांबले. मग म्हणाले, “१ फेब्रुवारीला आमच्याकडे सुट्टी असते. २ नोव्हेंबरलाही असते. दोन्ही आमचेच दिवस.” पणजोबा रत्नागिरीचे असलेल्या माणसाच्या तोंडून पळालेल्या गुलामांसाठी ‘आमचे’ ऐकताना माझा ह्या देशाविषयीचा आदर कितीतरी वाढला. घाट आणि डोंगर, दोन्ही वारसे एवढ्याशा देशानं जगाकडून मान्य करून घेतले, आणि दोन्ही कष्टकऱ्यांचे आहेत. राजवाडा एकही नाही! मला ह्याचं फार मोल वाटतं.

ल मोर्नहून वळणावळणाचा घाट चढून शामारेल. ऐंशी मीटरांहून उंच धबधबा एका अखंड काळ्या कड्यावरून खाली हिरव्या खोलात पडतो, तो पाहिला आणि पुढे पळालो, कारण ऊन कलायच्या आत सात रंगांची माती गाठायची होती. उन्हातच तिचे रंग उघडतात.

आणि ते उघडले! दाट झाडीच्या मधोमध उघड्या मातीच्या लाटा, जेमतेम साडेसात हजार चौरस मीटर. लाल, तपकिरी, जांभळी, पिवळी, कुठे निळसर, कुठे हिरवट. गवताचं पातं नाही. लोक म्हणत होते जादू आहे, आणि मी कठड्याला धरून ओरडले, “अहो, हा जांभा आहे!” म्हणजे नेमका जांभा नव्हे, पण घडण तीच. उष्ण हवा, धो धो पाऊस. बेसॉल्ट कुजतो, पाण्यात विरघळणारं सगळं वाहून जातं, सिलिका निघून जाते आणि मागे राहतात लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लोखंडाचे लाल, पिवळे, तपकिरी. निळ्या-जांभळ्या छटांचं श्रेय ॲल्युमिनियमला देतात. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, ह्यांच्या माथ्यावरचा तांबडा थर असाच काळ्या दगडातून तयार झाला. आपल्याकडे तो घट्ट होऊन घरं बांधायचा चिरा झाला. इथे तो माती राहिला आणि रंग वेगवेगळे झाले. एकाच दगडाची दोन म्हातारपणं! पाचगणीच्या पठारावर घोडे पाहत वाढलेल्या मला हे शामारेलमध्ये, साडेचार हजार किलोमीटरांहून दूर कळावं!

बाजूच्या कुंपणात महाकाय कासवं डुलत डुलत पाला खात होती. ती सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटाची. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं माणसानं संपवली, डोडो संपवला तसाच. म्हणून पुढचा शेवटचा थांबा मला इतका महत्त्वाचा वाटला. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं राष्ट्रीय उद्यान १९९४ साली जाहीर झालं, आणि इथेच मॉरिशसचा ससाणा वाचला. १९७४ साली रानात ह्या पक्ष्याचे फक्त चार जीव उरलेले माहीत होते. चार! संवर्धक कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली अंडी काढून उबवली, म्हणजे मादी पुन्हा अंडी घालते, पिल्लं वाढवून रानात सोडली, आणि आज ते काही शेकड्यांत आहेत. गुलाबी कबुतराचीही तीच कथा. आम्ही कठड्याशी होतो तेवढ्यात ससाणा दिसला नाही, पण लांब शेपटीचे पांढरेशुभ्र उष्णकटिबंधीय पक्षी दरीवर घिरट्या घालत होते. कडेच्या लाल चिनी पेरूंवर सगळे तुटून पडले होते. हा पेरू बाहेरून आलेला, तो मूळच्या रानाला गिळतो, म्हणून जितका खाल तितका चांगला असं गाईडदादा म्हणाले. आम्ही मनापासून हातभार लावला.

तिथून बेटाचं सर्वोच्च शिखर दिसतं, ८२८ मीटर, कळसूबाईच्या निम्म्याएवढं. धाकटा भाऊ शोभतो.

परतीच्या वाटेवर गाईडदादांना मी विचारलं, तुम्ही कधी रत्नागिरी पाहिली का? नाही म्हणाले. बिहारकडचे शेजारी आपापली गावं शोधून आले, त्यांना अजून जमलेलं नाही. पणजोबांच्या नोंदीत जिल्हा आहे, गावाचं नाव वाचता येत नाही. पण त्यांच्या घरी गणपती दरवर्षी बसतो, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि विसर्जनाला समुद्राकडे जाताना गावातली माणसं झाकरी नाचतात. मी मोबाइलवर कोकणातल्या जाखडीची चित्रफीत लावून दिली. त्यांनी गाडी थांबवून ती पूर्ण पाहिली, पावलं ओळखली, आणि सफरीतल्या आमच्या सोबत्यांना, मागच्या सीटवरच्या फ्रेंच जोडप्याला, फ्रेंचमध्ये समजावून सांगितली.

आता बेत ठरला आहे. पुढच्या गणपतीला ते आणि त्यांची मुलगी येणार. कोकणातला माझा मामेभाऊ नोंदीतलं ते अस्पष्ट नाव घेऊन गावोगाव विचारायला आत्ताच लागला आहे. मुलीला रायगड चढायचा आहे, तिला मी टकमक टोक दाखवणार आणि पायथ्याला कातळातले लाव्हाचे थर मोजायला लावणार. त्यानंतरच्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे, आणि तिथून सगळे मिळून रियुनियनला, वाहता शिलारस पाहायला. पण ते पहाटेच्या विमानानं मुंबईला उतरतील तेव्हा कोकणची गाडी पकडायला अवकाश असेल. विमानतळाहून अंधेरी जवळ आहे. आधी गिल्बर्ट हिल!